टॉमसिनची सैल अंगठी

मित्रांनो, मी लग्नाची एक जुनी, साधी अंगठी आहे. साडेबारा वर्षं मी एका बाईच्या बोटात होते आणि त्यानंतर एकोणऐंशी वर्षं वाळूत.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. माझ्या आतल्या बाजूला त्या शहराची खूण म्हणून जहाजाच्या नांगराचा बारीक शिक्का उमटवला गेला. पुढे नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराने, एडविन रेनरने, मला घेतलं आणि त्या शिक्क्याशेजारी अक्षरं कोरून घेतली : ‘ई. आर. – टी. डी. १९२१’. टी. डी. म्हणजे टॉमसिन डन, त्याची होणारी बायको.

टॉमसिनचा हात मी कधी रिकामा पाहिला नाही. उजाडायच्या आधी शिंपल्या सोलायच्या, शेकडो गळांना आमिष लावायचं आणि मग नवऱ्याला पाठुंगळी घेऊन पाण्यात शिरायचं. गावातल्या सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्यांना असं होडीपर्यंत पोचवत. पुरुषांना दिवसभर समुद्रात बसायचं असे. पाय कोरडे राहिले तरच ते टिकत.

“टॉमसिन, तुझा नवरा रोज जड होतोय गं!” बायका ओरडत.

“होणारच! घरातलं सगळं त्याच्याच पोटात जातंय,” ती धापा टाकत हसायची.

हसण्यावारी नेलेलं ते बोलणं खरं होतं. मासळी कमी झाली तशी टॉमसिन असेल ते एडविनच्या आणि लहानग्या लेकीच्या, एल्स्पेथच्या, ताटात वाढायची आणि आपण कोऱ्या चहावर भागवायची. तिची बोटं सुकली. मी सैल झाले. तेव्हा तिने तांब्याची बारीक तार माझ्याभोवती गुंडाळली आणि मला घट्ट केलं. ती तार तिने कुणाला दाखवली नाही. तिला आपल्या उपाशीपणाची लाज वाटत होती.

१९३४च्या मार्चमधल्या एका संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

“पाणी बरं दिसत नाहीये. उद्या जाऊ नकोस,” टॉमसिन म्हणाली.

“नाही गेलो तर खायचं काय? गळ?”

“मग जा! मर जा!”

पलीकडच्या घरात सासू राहत होती, डॉरकस. भिंतीतून तिने प्रत्येक शब्द ऐकला.

सकाळी टॉमसिनने निमूटपणे एडविनला पाठीवर घेतलं. होडीपाशी एक लाट आली, त्याचा तोल गेला आणि त्याने तिचा हात घट्ट धरला. त्याच्या ओल्या लोकरी हातमोज्याने मला ओढलं. तार तुटली. मी पाण्यात पडले.

“सोड आता. आणखी भिजशील,” तो म्हणाला. मी ऐकलेला त्याचा तो शेवटचा शब्द.

दुपारी वादळ आलं. एडविनची होडी परतली नाही.

त्यानंतर मी वाळूत रुतून बसले. ओहोटी लागली की माझ्यावरून पावलं जात. वाकून, थांबून, पुन्हा चालणारी ती पावलं टॉमसिनची होती. एकदा तिची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर वाळू उकरत होती. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. बरीच वर्षं ती आली. मग यायची थांबली.

कितीतरी वर्षांनी माझ्यावर एक यंत्र किणकिणलं. जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेला रॉनी चार्लटन निवृत्तीनंतर किनाऱ्यावर धातू शोधत फिरायचा. त्याने मला उचललं, पण पुसलं नाही. तसंच कागदात गुंडाळून शहरातल्या छोट्या संग्रहालयात नेलं.

“आज काय, रॉनी? परत बाटल्यांची झाकणं?” तिथल्या मिस लँबर्टनी विचारलं.

“झाकण असेल तर चहा माझ्याकडून. आधी बघा तरी.”

भिंग लावल्यावर त्यांचं हसू थांबलं. नांगरावरून त्यांनी माझं जन्मगाव ओळखलं. अक्षरं आणि साल घेऊन त्या दोघांनी चर्चमधलं लग्नांचं जुनं पुस्तक पानापानाने पाहिलं. १९२१ साली त्या अक्षरांचं एकच जोडपं होतं. त्यांची मुलगी अजून त्याच गावात राहत होती.

एल्स्पेथ अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली होती. मला पाहून तिने हात मागे घेतला.

“ही आईने फेकून दिली होती,” ती म्हणाली. “भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. आजी तिला म्हणायची, तू अंगठी काढलीस म्हणून माझा मुलगा बुडाला. सगळं गाव तेच म्हणायचं.”

“आणि आई काय म्हणायची?” मिस लँबर्टनी हळूच विचारलं.

“ती? वर्षानुवर्षं एकच. सैल झाली होती गं, तार गुंडाळली होती, तीच तुटली असेल. कुठली तार? कुणी पाहिली होती? मी सतरा वर्षांची असताना तिच्या तोंडावर म्हणाले, खोटारडी आहेस तू. त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही.”

मिस लँबर्टनी मला भिंगाखाली धरलं. “एल्स्पेथ, इथे बघा. हा हिरवा गंज दिसतोय? सोन्याला हिरवा गंज चढत नाही. ही तांब्याची तार आहे. दीड वेढा अजून चिकटून आहे.”

एल्स्पेथ बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. मग तिने विचारलं, “इतकी बारीक झाली होती तिची बोटं?” रॉनी टोपी हातात घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दरवर्षी बुडालेल्या मच्छीमारांसाठी गावात प्रार्थना होते. त्या वर्षी नावं वाचून झाल्यावर एल्स्पेथ काठी टेकत उठली. मी तिच्या मुठीत होते.

“माझ्या आईचं नाव टॉमसिन रेनर,” ती म्हणाली. “ती समुद्रात बुडाली नाही, म्हणून तिचं नाव इथे कुणी वाचत नाही. ती खोटं बोलली नव्हती. खोटी मी होते, आणि हे गाव होतं. हे तिला सांगायला आता उशीर झालाय, म्हणून तुम्हाला सांगतेय.”

मग मागच्या बाकावरचा एक माणूस उभा राहिला. त्याच्या मागोमाग दुसरा, मग अख्खी रांग. टॉमसिनला ज्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, ते सगळे तिच्यासाठी उभे राहिले.

मित्रांनो, वाळूत काही सापडलं तर ते कुणाचं, हे जरूर शोधा. रॉनीने शोधलं म्हणून मी आज बोलते आहे. पण तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर आधी त्या माणसाजवळ बसा आणि ऐका. मी सोन्याची, मला एकोणऐंशी वर्षं थांबता आलं. टॉमसिनला तितकं थांबता आलं नाही.