खुर्चीवरचा कोट

ज्या कचेरीनं माझ्या नवऱ्याचा उभा जन्म खाल्ला, तीच आता संग्रहालय म्हणून तिकीट काढून बघायची, काय दिवस आले! मुलगी म्हणाली, "आई, बाबांना एकदा घेऊन जा. जुनी जागा बघून बोलतील तरी." निवृत्त झाल्यापासून हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे, वाढलं की जेवायचे, विचारलं की मान हलवायचे. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. मला माझा माणूस परत हवा होता, निदान म्हातारपणी तरी, म्हणून गेले.

जिन्याच्या कठड्याला पॉलिश मारलेलं, भिंतींवर मोठमोठ्या साहेबांच्या तसबिरी, आणि ज्या व्हरांड्यात मी यांची वाट बघत कितीदा ताटकळले होते, तिथं काचेच्या पेटीत जुने शिक्के मांडून ठेवलेले. गाइडबाई गोड बोलत खोल्या दाखवत होत्या आणि हे माझा हात धरून मुकाट्यानं पाय ओढत होते.

शेवटी यांचीच खोली आली. दोराच्या पलीकडे टेबल, खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी कोट.

"तेव्हाचे कारकून मोठे बेरकी," गाइडबाई म्हणाल्या. "कोट खुर्चीला अडकवायचा आणि पसार व्हायचं. साहेब डोकावले की त्यांना वाटायचं, माणूस इथंच कुठंतरी आहे."

सगळे हसले. मीही हसले असते, पण कोटाच्या कोपराला माझ्या हातचं ठिगळ होतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी हे बिनकोटाचे घरी आले होते, हरवला म्हणून.

मंडळी पुढं सरकली तशी मी दोर ओलांडला आणि कोटाला हात लावला. आतून ऊब येत होती, कुणी नुकताच अंगातून काढावा तशी.

"अहो, चला आता घरी," मी कशीबशी म्हणाले.

"तू हो पुढं. एवढं हातावेगळं करतो नि आलोच."

आवाज खुर्चीतून आला. सासूबाई गेल्या तेव्हा, मुलीला दवाखान्यात नेलं तेव्हा, फोनवर दरवेळी हेच ऐकलं होतं मी. तरी मेलं रडूच कोसळलं, इतक्या दिवसांनी तो आवाज कानावर पडला होता. वळून पाहिलं, तर हे दाराशी उभे होते, ओठ घट्ट मिटून, मान हलवत.

घेऊन आले घरी. काय करणार? बायकोनं आणि काय करायचं असतं? ते खिडकीपाशी जाऊन बसले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बोलले का गं बाबा? काय करताहेत?"

मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता. जरा दाबला, तर दबतच गेला, रिकाम्या कोटासारखा.

"आहेत," मी म्हणाले. "इथंच कुठंतरी आहेत."