शंभर टक्क्यांच्या शाळेजवळचं घर

माझा दीर सिद्धार्थ अमेरिकेत घर शोधत होता, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. आम्ही तेव्हा रियाधपासून साडेतीन तासांवरच्या बुरैदात राहत होतो. मी सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात डॉक्टर होते, माझा नवरा उमाकांत एका खाजगी रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात होता आणि आमची मुलगी सुरुची आठवीत शिकत होती. एका शुक्रवारी सिद्धार्थने व्हिडिओ कॉलवर त्याचा स्क्रीन उघडून दाखवला. तिकडे म्हणे काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, प्रत्येक सरकारी शाळेची आकडेवारी कुणालाही बघता येते. किती मुलं वाचनात पास, किती गणितात, शाळेला दहापैकी किती गुण. नकाशावर हिरवे आणि लाल भाग. हिरव्या भागात घर घ्यायचं, लाल भागाकडे बघायचंसुद्धा नाही. सिद्धार्थला मूल नव्हतं. त्याचं लग्नही व्हायचं होतं.

कॉल संपला तरी उमाकांत फोन हातात धरून बसला होता. मग म्हणाला की बघ, याला म्हणतात विचार करून जगणं. आपण काय केलं? नोकरी मिळाली तिथे येऊन पडलो, घराजवळ जी शाळा दिसली तिच्यात पोरीला घातलं.

ते खरंच होतं. पण ती शाळा चांगली होती. लहानशी भारतीय शाळा, एका वर्गात पंचवीसेक मुलं. सुरुचीला वाचताना अक्षरं जागा बदलताना दिसायची. इस्मत मिस म्हणून तिच्या शिक्षिका होत्या. त्यांनी दुसरीतच ते ओळखलं आणि सहा वर्षं रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं तिला शेजारी बसवून वाचायला लावलं. सुरुची हळू वाचायची, पण वाचायची. तोंडी गणितात तर वर्गात कुणाला ऐकायची नाही.

उमाकांतच्या लेखी यातलं काहीच मोजता येण्यासारखं नव्हतं.

त्याने दोन महिने लावून स्वतःचा तक्ता बनवला. रियाधमधल्या भारतीय शाळा, त्यांचे दहावीचे सात वर्षांचे निकाल, नव्वद टक्क्यांच्या वर किती मुलं, आणि प्रत्येक शाळेपासून कुठली वस्ती किती मिनिटांवर. सिद्धार्थसारखे रंगसुद्धा भरले. बुरैदाची शाळा एक्क्याऐंशी टक्क्यांवर, म्हणून लाल. रियाधच्या मलाझ भागातली एक खाजगी शाळा सलग सात वर्षं शंभर टक्के, म्हणून गडद हिरवी. हा तक्ता तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. माणसं चहा पिऊन, माना हलवून निघून जायची, आणि त्यांना तो समजला नाही याचाही त्याला आनंद व्हायचा.

यूनुसभाईंना मात्र समजला. ते मूळचे श्रीवर्धनचे. बुरैदाच्या खजूर बाजारात त्यांचा गाळा होता आणि त्यांची अरवा सुरुचीच्या वर्गात होती. त्यांनी तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "साहेब, दहावीला बसले त्यातले शंभर टक्के पास. पण नववीला किती होते, ते यात कुठे आहे?"

उमाकांत म्हणाला की तो आकडा शाळा देत नाहीत आणि त्याची गरजही नसते. यूनुसभाईंनी चहा संपवला. ते गेल्यावर उमाकांत मला म्हणाला, "खजूर विकणाऱ्याला डेटा कळायला लागला तर माझी नोकरी कशाला हवी?"

त्याची नोकरी काय होती ते मी सांगते. रुग्णालयाचे आकडे चांगले दिसावेत यासाठी तिथे त्याला ठेवलेलं होतं. पडून राहिल्यामुळे एखाद्या पेशंटच्या पाठीला जखम झाली, की त्याला दुसऱ्या वॉर्डात हलवायचं. नव्या वॉर्डात ती जखम 'येतानाच होती' या रकान्यात जाते. मग कुणाच्याच वॉर्डात जखमा होत नाहीत आणि भिंतीवर प्रमाणपत्र लागतं. ही युक्ती त्याने मला जेवताना सांगितली होती, कौतुक ऐकायला. मी पेशंटचं काय झालं ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं. असा माणूस दुसऱ्याच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. यूनुसभाईंनी विचारलं ते खरं म्हणजे मी विचारायला हवं होतं. घरात वाद नको म्हणून मी विचारलं नाही. उमाकांतबद्दल मी इथे जे काही म्हणेन, त्यातला थोडा वाटा माझाही आहे.

मी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. अकरा वर्षांची नोकरी. उमाकांतला रियाधमध्ये लगेच काम मिळालं, असल्या कामाला सगळीकडे मागणी असते. मला मलाझमधल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये जागा मिळाली. जिथे मी साडेसातशे ग्रॅमची बाळं जगवत होते, तिथून येऊन आता धडधाकट माणसांना आजारपणाच्या रजेचे कागद लिहून देऊ लागले.

शाळेची प्रवेश परीक्षा होती. उमाकांतने ओळखीतून मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि सुरुचीकडून त्यांची उत्तरं तोंडपाठ करून घेतली. प्रश्न तेच आले. ती पास झाली तेव्हा तो म्हणाला की बघ, योग्य ठिकाणी आणलं की मूल आपोआप वर येतं. सुरुची माझ्याकडे बघत होती. मी भांडी आवरायला उठले.

एप्रिलमध्ये नववी सुरू झाली. घर शाळेपासून चार मिनिटांवर, दारात दुकानं, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. खिडकीतून शाळेच्या फाटकावरचा मोठा फलक दिसायचा. त्यावर शंभरचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या पहिल्या बारा मुलांचे फोटो. सुरुचीला नववी 'ई' तुकडी मिळाली. वर्गात सेहेचाळीस मुली. आधी ती घरी येऊन अरवाला फोन करायची, पुढे तोही बंद झाला. मी विचारलं की "फाइन" म्हणायची. जूनपर्यंत तिने मोठ्याने वाचणं सोडलं होतं. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा मला वाच म्हणायची. उमाकांतने दोन शिकवण्या लावल्या आणि तिच्या चाचण्यांच्या गुणांचा आलेख काढला. आलेख खाली जात होता. तो म्हणाला की सुरुवातीला असंच होतं.

सप्टेंबरमध्ये शाळेतून बोलावणं आलं. आम्ही तिघांनी यायचं होतं.

उपमुख्याध्यापिकेचं नाव स्मृती. गोड बोलणारी, नीटनेटकी बाई. तिने आमच्यापुढे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि सांगितलं की आमच्या शाळेत कुणालाही नापास केलं जात नाही, योग्य मार्ग दाखवला जातो. पुढच्या महिन्यात नववीच्या मुलांची बोर्डाकडे नोंदणी होणार. काही मुलांना बोर्डाचा ताण झेपत नाही. अशांनी शाळा सोडून मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यावी, घरी बसून, आपापल्या गतीने. यंदा अशी अकरा मुलं निवडली होती. निवडली, हा तिचाच शब्द. तिने अर्ज पुढे सरकवला. 'पालकांच्या स्वतःच्या इच्छेने शाळा सोडत आहे' असं त्यावर आधीच छापलेलं होतं. फक्त नाव आणि सही राहिली होती.

सुरुची माझ्या डाव्या बाजूला बसली होती. तिने अर्ज वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत. शाळेत कुणीतरी तिला असं वाचताना पाहून हसलं असणार, कारण लगेच तिने ओठ घट्ट मिटले आणि वाचणं थांबवलं.

उमाकांत काही तरी बोलेल असं मला वाटलं. इतकी वर्षं संसार करूनही वाटलं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "म्हणजे ही मुलं टक्केवारीत धरतच नाहीत?"

"नाही," स्मृती म्हणाली. "ती आमची विद्यार्थीच राहत नाहीत ना."

उमाकांतने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तो राग नव्हता. एका कसबी माणसाला दुसऱ्याचं काम बघून वाटावी तशी दाद होती ती. आणि मग त्याने खिशातून पेन काढलं.

इतका क्षुद्र माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि माझ्या धंद्यात मी खूप माणसं पाहते. मूल अधू आहे म्हटल्यावर बायकोला रुग्णालयात सोडून पळालेले बापही पाहिलेत. ते निदान पळतात, कागदावर सही करून मान डोलावत नाहीत.

मी अर्ज माझ्याकडे ओढला. माझं पेन नेहमी कोटाच्या खिशात असतं. छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली इंग्रजीत लिहिलं की शाळेचा निकाल शंभर टक्के राहावा म्हणून शाळेच्या सांगण्यावरून मुलीला काढत आहोत. तारीख घातली, सही केली, पद लिहिलं आणि अर्ज परत सरकवला.

स्मृतीने तो वाचला. तिचा रंग उतरला. ती म्हणाली की असा अर्ज आम्हाला फाइलला लावता येणार नाही. मी म्हटलं की दुसरा मी देणार नाही. मग तिने एकदम सूर बदलला. सुरुची राहू शकते, तिची नोंदणी करू, फक्त निकालाची जबाबदारी शाळेची नाही. म्हणजे एका ओळीने माझी मुलगी बोर्डाचा ताण झेपणारी झाली होती.

उमाकांत खालच्या आवाजात म्हणाला, "झालं तर मग. राहू दे इथेच."

मी सुरुचीला विचारलं. त्या खोलीत तिला तोपर्यंत कुणीच काही विचारलं नव्हतं. ती हिंदीत म्हणाली, "मुझे बुरैदा जाना है. इस्मत मिस के पास." मग माझ्याकडे वळून, आम्ही घरी बोलतो तसं मराठीत, "आई, मला इथे कोणी ओळखत पण नाही."

गाडीत उमाकांतने समजावायला सुरुवात केली. शाळेचीही बाजू असते. नाव टिकवायचं तर असे निर्णय घ्यावे लागतात. एवढ्याशा गोष्टीवरून लाल शाळेत परत जाणं म्हणजे मूर्खपणा. मी गाडी चालवत होते. रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि त्याला म्हटलं, "तू सही करणार होतास. ती तुझ्या शेजारी बसली होती आणि तू पेन काढलंस."

तो म्हणाला की मी भावनेच्या भरात बोलतेय. मागच्या सीटवर सुरुची होती. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

माझी सरकारी जागा भरली गेली होती. विभागप्रमुखांना फोन केला तर त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली, पण जागा नव्हती. बुरैदातल्याच एका खाजगी रुग्णालयात मिळाली. काम बाळांचंच, पण हुद्दा दोन पायऱ्या खालचा. राहायला रुग्णालयाच्या मागच्या बाजूचे दोन खोल्यांचे क्वार्टर. सुरुचीचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, उमाकांतच्या नावावर होता, त्यामुळे शाळा बदलायला त्याची संमती लागत होती. ती त्याने दिली, पण चार दिवस घेऊन आणि लेखी देऊन की या निर्णयाशी आपण सहमत नाही. तो कागद मी जपून ठेवलेला नाही.

तो रियाधमध्येच राहिला. नोकरी सोडणं त्याला परवडण्यासारखं नाही असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी माझी सोडली होती हे कुणाला आठवलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी आणि सुरुची गाडी घेऊन निघालो. साडेतीन तासांचा रस्ता. निम्म्यावर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तिने पाटीवरचं गावाचं नाव वाचलं. हळू, तुटक, पण मोठ्याने.

इस्मत मिसनी तिला पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत खुर्ची ओढून दिली, एवढंच. अरवाचं विज्ञान कच्चं होतं आणि सुरुचीचं वाचन, म्हणून दोघी दीड वर्ष एकत्र अभ्यास करत राहिल्या. एक वाचायची, दुसरी समजावून सांगायची. उमाकांत महिन्यातून एक-दोनदा रेल्वेने यायचा. आला की क्वार्टर किती लहान आहे ते बोलायचा. मी त्याला जेवायला वाढायचे. भांडत नव्हते. भांडायला समोरच्याबद्दल काही तरी वाटावं लागतं.

दहावीचा निकाल मे महिन्यात दुपारी लागला. मी ड्युटीवरून घरी आलेच होते. सुरुचीला एकसष्ट टक्के मिळाले. तिने स्वतः स्क्रीनवरून वाचून दाखवले, प्रत्येक विषय, प्रत्येक आकडा, आणि इंग्रजीचे अठ्ठावन्न दोनदा वाचले. नववीत ज्या मुलीला घरी बसवायचं ठरलं होतं तिने लिहिलेल्या पेपरचे ते गुण होते.

थोड्या वेळाने अख्तरीभाभींचा, म्हणजे अरवाच्या आईचा फोन आला. अरवा विज्ञानात सहा गुणांनी राहिली होती. इस्मत मिस त्यांच्या घरी पोचल्या होत्या आणि जुलैच्या फेरपरीक्षेचं वेळापत्रक लिहून देत होत्या. अरवा खोलीचं दार लावून बसली होती. सुरुचीने चप्पल घातली आणि मला न विचारताच निघाली.

तेवढ्यात उमाकांतचा फोन. एकसष्ट ऐकून तो म्हणाला की ठीक आहे, वाईट नाही. आणि अरवाचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे शाळा यंदा अजून खाली येणार," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. घरातलं दूध आणि साखर पिशवीत घातली, कारण अशा दिवशी त्या घरी माणसं येणार आणि चहा सारखा टाकावा लागणार हे मला माहीत होतं. दार ओढून घेतलं आणि सुरुचीच्या मागोमाग यूनुसभाईंच्या घरी गेले.