शिलाईबाईला ठाऊक होतं

नवऱ्याचं डोकं सारखं दुखायला लागलं, तेव्हा बायकोनं आधी त्याचा नंबर तपासला. चष्म्याच्या दुकानात काम करणारीला दुसरं काय सुचणार? नवा चष्मा आला तरी त्याला एकाचे दोन दिसतच राहिले, आणि एका सकाळी उलटी करता करता तो न्हाणीघरात कोसळला.

इस्पितळात त्याच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं.

"मेंदूच्या आवरणात बुरशीचा संसर्ग झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फारच खालावली की होतो. गोळ्या कधी सोडल्या यांनी?"

"सोडेल कशाला? आम्ही दोघंही घेतो, रोज."

"उन्हाळ्यापासून बंद आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

दारात शिलाईबाई उभी होती. नवरा ज्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांना पुठ्ठे चढवायचा, तिथंच ही पानं शिवायची. बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी झोपणारीला पत्ता नाही, आणि हिला सगळं ठाऊक. तिनं शिलाईबाईला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं. मीही याच गोळ्यांवर आहे. मध्ये मीसुद्धा कंटाळून सोडल्या होत्या, म्हणून माझ्याजवळ बोलले. घरी सांगा, म्हणून मी मागं लागले होते."

"आणखी काय काय बोलता दोघं?"

"खळ, पुठ्ठे आणि मालक. भांडायचं तर सावकाश भांडू. आधी ते उठू देत."

बुरशीच्या औषधाची सलाईन लागली की तो थंडीनं कुडकुडायचा. डोक्यातला दाब उतरवायला पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढावं लागलं. हळूहळू तो शुद्धीवर आला.

"तिलाच का सांगितलंस?" बायकोनं विचारलं.

"तिच्यापुढे लाज वाटत नाही."

"आणि माझ्यापुढे?"

"तुला हे माझ्यामुळे लागलं. तू मुकाट्यानं गोळी गिळायचीस, ते बघून माझ्या घशाखाली उतरायची नाही."

तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं. राग ओसरला, पण सल गेला नाही. दुकानाची पाळी चुकवता येत नव्हती, म्हणून तिनंच शिलाईबाईला त्याच्याजवळ बसायला बोलावलं. परतल्यावर मात्र आधी विचारायची, "काय चाललं होतं?"

"झोपले होते," शिलाईबाई सांगायची. बायकोचा अर्धाच विश्वास बसायचा.

तो घरी आला, पण या दुखण्यात एका डोळ्याची नजर अंधुक झाली ती तशीच राहिली. बुरशी आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बायकोनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला.

"लाज वाटली तरी माझ्यासमोरच घ्यायची," ती म्हणाली.