खोकल्यासकट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विद्यापीठात आशियाच्या इतिहासाचा विभाग आहे. त्याच्या दाराशी काचेची पेटी आहे आणि तिच्यात मी बसलो आहे. पुढ्यात पाटी आहे, 'अमूल्य वारसा. हात लावू नये.' येणारेजाणारे म्हणतात, "वा, काय जपलाय!" ते ऐकलं की माझ्या अंगातल्या तारा तापतात. जपलाय म्हणे! मला गप्प बसवलंय, ते आधी ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी ऐटीत होतो. वर दोन चक्र्या, त्यांच्यामध्ये फीत वाचणारं हेड, पोटात मोटर, आणि मोटरीचा जोर चक्र्यांपर्यंत नेणारा रबरी पट्टा. हा पट्टा ध्यानात ठेवा, त्यानेच पुढे माझा घात केला.

मला घेतलं बाईंनी. तेव्हा त्या विद्यापीठात नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. आशियाच्या समुद्रांवरून जहाजं कुठून कुठे गेली, काय घेऊन गेली, हा त्यांचा विषय. मला पाहून एक वयस्कर प्राध्यापक हसले.

"बाई, इतिहासाला कागद लागतो. गाणी काय कामाची?"

"कागद राजांनी लिहून घेतले, सर," बाई म्हणाल्या. "जहाजाचे दोर ज्यांनी वळले त्यांनी कुठे लिहायचं?"

मग बाई मला खाडीकाठी दोर वळणाऱ्या बायकांच्या छपरात घेऊन गेल्या. दोर वळणारी उलटी चालत मागे जाते आणि पावलं चुकू नयेत म्हणून गाते. त्या गाण्यांत लांबच्या बंदरांची नावं होती. कुणीही ती बंदरं पाहिलेली नव्हती, तरी पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे ती नावं चालत आली होती. बाई थक्क झाल्या. मी तर निव्वळ कान होऊन गेलो.

बाईंची एक रीत होती. गाणं घेतलं की पहिल्यांदा गाणारीला ऐकवायचं. तिच्याआधी कुणीही ऐकायचं नाही. त्या छपरातल्या सगळ्यांत गोड गळ्याच्या बाईने स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "अगं बया, ही कोण भसाडी?" सगळं छप्पर हसलं. त्याच गाण्याच्या मध्यावर तिची धाकटी लेक रडत आली होती. गाणं थांबलं. "गप गं भवाने, बाई गाणं घेतायत. ये, बस मांडीवर." मग त्या आईला खोकला आला, आणि मग पुन्हा गाणं सुरू झालं. ते सगळं माझ्या फितीवर उतरलं.

त्या काळी मला उचलून नेणारा एक विद्यार्थी होता. उंचीमुळे बाई त्याला लंबू म्हणत. कापसाने माझं हेड इतक्या मायेने पुसायचा की काय सांगू! त्याने विचारलं, "बाई, हा खोकला काढून टाकू का?"

"भजनात कुणी खोकलं म्हणून देव उठून जातो का रे?" बाई म्हणाल्या. "राहू दे."

पुढे कित्येक वर्षं मी वर्गात वाजलो. "आधी डोळे मिटून ऐका, मग पुस्तक उघडा," असं बाई मुलांना सांगायच्या. मुलं ऐकायची, आणि मीही सुखात होतो.

मग बाई निवृत्त झाल्या आणि लंबू विभागप्रमुख झाला. आता तो लंबू कसला, साहेब! त्याने सगळी गाणी संगणकावर उतरवून घेतली आणि 'साफ' केली. खोकला गेला, रडणं गेलं, मधलं बोलणं गेलं. फितींचे डबे रद्दीच्या पोत्यांत भरून माळ्यावर गेले आणि मी काचेत. त्याने मला फोडलं असतं तरी मी एवढा रागावलो नसतो. पूजेला बसवून उपाशी मारण्याचा प्रकार हा!

एके दिवशी ती लेक आली. तीच, मांडीवर बसलेली. आता केस पिकायला लागले होते, हात काथ्याने खरखरीत झाले होते. आई नुकतीच गेली होती.

"साहेब, माझ्या आईचा आवाज तुमच्याकडे आहे म्हणे."

साहेबाने मोठ्या प्रेमाने संगणकावर गाणं लावलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे गाणं मला येतं, साहेब. रोज वळताना म्हणते. मधे आई मला रागावली होती, ते कुठाय?"

"ते... तो गोंगाट होता. काढला आम्ही."

"मी गोंगाट?" ती म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला हात असते तर मी आतून ती काच फोडली असती.

ती तडक बाईंच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी काठी आपटत बाई आल्या, मागे ती.

"पेटीची चावी दे."

"बाई, समितीची परवानगी घ्यावी लागते. वारसा आहे तो—"

"लंबू, चावी. आणि तिचा डबा पोत्यातून काढून आण. तू स्वतः."

डबा आला. फीत चढली, बटण दाबलं. माझी मोटर गुरगुरली, पण चक्री हलेना. बाईंनी झाकण उघडलं. न वापरल्यामुळे माझा पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता.

"याला जपणं म्हणतोस? वाजत होता रे हा! तुझ्या हातात धडधाकट देऊन गेले होते मी."

बाईंनी फीत पकडून ठेवणाऱ्या रबरी चाकातून ती सोडवली आणि बोटानेच चक्री फिरवायला लागल्या. आवाज कधी जाड, कधी बारीक, झोकांड्या खात आला. गाणं, मग रडणं. मग, "गप गं भवाने... ये, बस मांडीवर." मग खोकला.

लेक मटकन जमिनीवर बसली. एवढी मोठी बाई, पदर तोंडात धरून.

साहेबाने घाईघाईने मोबाईल काढला. "बाई, थांबा, हे रेकॉर्ड करून घेतो!"

"आधी तिला ऐकू दे. रीत विसरलास?"

त्याचा हात खाली आला. लेक म्हणाली, "परत." बाईंनी परत फिरवलं. ती म्हणाली, "अजून एकदा." बोट लाल होईतो बाई फिरवत राहिल्या.

त्या दिवशी साहेबाने सगळे डबे पोत्यांतून काढून स्वतः कपाटात लावले, हे खरं. पण माझा राग गेलेला नाही. मी पुन्हा काचेत आहे आणि माझा नवा पट्टा समितीच्या बैठकीत अडकला आहे.

मित्रांनो, देव आपलं सगळं ऐकतो, निवडून नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस थांबत, खोकत, मधेच तुमच्यावर डाफरत काही सांगत असेल, तर ते तसंच्या तसं ऐका. आणि माझ्या दारावरून गेलात तर ती पाटी वाचू नका, काच वाजवा. लेक पुन्हा येणार आहे, तिच्या लेकीला घेऊन. बाईंचं बोट आता थरथरतं. कुणी ओरडलं तर बेधडक विचारा, "याचा पट्टा कधी बसवताय?"