दहा सेंटिमीटरांचा दशमांश

मित्रांनो, मी एक जुनी मोजफीत आहे आणि मला सुरुवातच नाही. माझ्यावरचे आकडे थेट दहापासून सुरू होतात. माझे पहिले दहा सेंटिमीटर शेळीने खाल्ले.

हसू नका. मीही कधीकाळी पिवळीधमक होते, तीस मीटर लांब, लाल डबीत गुंडाळलेली. कारखान्यातून निघाले ती श्रीरामपूरच्या एका शाळेत, खेळाचे शिक्षक एलिया सर यांच्या हाती आले. लांब उड्या मोजल्या, गोळे मोजले, नाताळात चर्चपुढचा मांडवही मोजला. मुलं घोळका करून विचारायची, "सर, किती?" माझ्या एका आकड्यावर कुणी नाचायचं, कुणी वाळूत बसून रडायचं. काय भाव होता तेव्हा मला!

मग एका दुपारी मैदानालगतच्या भागूबाईंच्या शेळीला माझं टोक गवतात सापडलं. शाळेने नवी फीत आणली आणि मी अडगळीत पडले. पण निवृत्त होताना सरांनी मला उचललं आणि आपल्या कीर्तनाच्या पिशवीत, चिपळ्यांशेजारी ठेवलं. हो, सर कीर्तनकार आहेत. फेटा बांधून ते प्रभू येशूची कथा गाऊ लागले की पिशवीतसुद्धा माझी वळणं सैल होतात. देवाने मला कान दिले ते बहुतेक त्यासाठीच.

सर अजूनही रोज सकाळी मैदानावर मुलींना उड्या शिकवतात, आणि मोजायला मीच असते. त्यांनी नियमच घातला आहे. "पोरींनो, मिळकतीचा दहावा भाग आपण देवाला देतो ना? तसे हिचे पहिले दहा सेंटिमीटर देवाचे. आधी दशमांश काढायचा, मग आकडा बोलायचा!" प्रत्येक उडीनंतर मैदानभर आवाज घुमतो, "दशमांश काढला का?"

त्या मुलींत एक एंजल. बारावीची, अभ्यासात हुशार, आणि धावत आली की उडी घ्यायच्या लाकडी पाट्यावरून चिमणीसारखी उडणारी. तिने अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाकडे अर्ज करायचं ठरवलं. तिथे शंभर हुशार मुलांनी अर्ज केला तर चौघांना जागा मिळते. मात्र तिथल्या उड्यांच्या प्रशिक्षक बाई मोजक्या खेळाडूंची नावं प्रवेश समितीपुढे ठेवू शकतात. बाईंनी कळवलं होतं, 'पाच मीटर नव्वद हवेत. उडीचा आणि मापाचा व्हिडिओ पाठव, सोबत सरांच्या सहीचं पत्र. शुक्रवारपर्यंत.' एंजलची आजवरची सर्वांत लांब उडी होती पाच चौऱ्याहत्तर.

सोमवारी सकाळी तिची आई दया मोबाईल धरून उभी राहिली. पहिली उडी बाद. दुसरी बाद. तिसरीला पाय पाट्याच्या मागेच पडला. एंजलचे ओठ पांढरे पडले होते. चौथीला ती अशी उडाली की माझ्या अंगावर काटा आला. सरांनी माझं तुटकं टोक वाळूतल्या खुणेवर टेकवलं, मला पाट्यापर्यंत ताणलं, वाकून पाहिलं आणि ओरडले, "पाच ब्याण्णव! पाच ब्याण्णव, पोरी!"

म्हातारा माणूस वाळूत गुडघे टेकून रडू लागला. दया रडली. दशमांश काढला का, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. मी एकटी आतल्या आत ओरडत होते, पाच ब्याऐंशी! पाच ब्याऐंशी! पण मला तोंड कुठे आहे? दुपारीच व्हिडिओ आणि पत्र अमेरिकेला गेलं. मंगळवारी उत्तर आलं, 'तुझं नाव शुक्रवारी समितीकडे देते.'

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीचं, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचं कीर्तन होतं. विषय होता खरं माप. चिपळ्या काढायला सरांनी पिशवीत हात घातला आणि माझं तुटकं टोक त्यांच्या बोटाला टोचलं. हात तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. तबल्यावरचा छगन आपला वाजवतच राहिला. सरांनी कीर्तन पुरं केलं, पण एकदाही एंजलकडे पाहिलं नाही.

लोक पांगल्यावर त्यांनी मायलेकींना बाकावर बसवलं आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "दया, मी दशमांश काढायचा विसरलो."

दयाला समजायला एक क्षण लागला. मग ती उसळली. "सर, चार बोटं हाय ती! चार बोटांसाठी पोरीचं नशीब मोडता व्हय? तिकडून कोन बघाय येनार हाय?"

"कुणी नाही येणार."

"मग? व्हिडिओत टोक दिसतंय का फितीचं? न्हाई ना?"

"नाही दिसत. पण पत्रावर सही माझी आहे, आणि आत्ता तासभर मी इथे काय गायलो, ते तू ऐकलंस."

एंजल माझ्या तुटक्या टोकावरून अंगठा फिरवत होती. खाली मान घालून म्हणाली, "सर, मला सोमवारीच कळलं होतं."

"काय?"

"तुमी ओरडलात, तेवढ्यात मी मनात वजा केलं होतं. पण तुमी रडत होता. म्हटलं, सर विचारतील मग सांगू. तुमी विचारलंच नाही. चार दिवस मला जेवण जाईना."

दया लेकीकडे वळली. तिनेच पर्समधून मोबाईल काढून लेकीच्या हातात दिला. "लिही त्या बाईंना. माझ्याच्याने बघवनार न्हाई." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'कळवलंस हे बरं केलंस. पण पाच ब्याऐंशीवर मी तुझं नाव देऊ शकत नाही. दुसऱ्या फेरीची मुदत डिसेंबरअखेर आहे. अखंड फितीने मोजून पाठव.'

सरांनी नवी फीत आणली. मला वाटलं, संपलं आपलं. पण पुढच्या एका लांब उडीनंतर एंजलने आम्हा दोघींना वाळूत शेजारी शेजारी ताणलं. नवी म्हणाली पाच शहाऐंशी. मी म्हणाले पाच शहाण्णव. एंजल हसली, "दशमांश काढला की सारखंच की हो, सर!"

म्हणजे पाच नव्वदला अजून चार सेंटिमीटर कमी. आज डिसेंबरची अठ्ठावीस तारीख.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. वाळू पुसून गुंडाळा, ओली ठेवू नका, गवतात विसरू नका. आणि तुटलोच, तर तुटलेलं टोक लपवू नका. किती तुटलंय हे लक्षात ठेवलं, तर आम्हीही खरंच बोलतो.

आता जरा शांत राहा. दया मोबाईल धरून उभी आहे, सरांचे ओठ प्रार्थनेत हलताहेत, आणि एंजलने धावायला सुरुवात केली आहे.