साक्षीदाराचा कान

बागायतदार तात्यासाहेबांचा पोरगा सोमनाथ फुलंब्रीकडून जीप घेऊन सुसाट आला आणि त्याच्या गाडीखाली गावातला पुंजाराम जागीच गेला. वळणावर मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या शिवशंकरनं ते डोळ्यांनी पाहिलं. साक्षीची तारीख जवळ आली तसं सोमनाथनं त्याला गोठ्यात कोंडलं. “गाडी ड्रायव्हर चालवत होता, असं कोर्टात सांग,” म्हणत तो उजव्या कानावर पाईप हाणत राहिला. शिवशंकर ‘व्हय’ म्हणाला तेव्हाच थांबला.

शिवशंकर गप्पच बसला असता. तक्रार दिली ती त्याच्या बायकोनं, सुकेशनीनं. हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून साध्या मारहाणीचं कलम लागलं. जामिनावर सुटलेला सोमनाथ संध्याकाळीच वस्तीवरून मोटारसायकल उडवत गेला.

मारानं बसलेला उजवा कान काही उघडला नाही. घुंगरू वाजलं की शिवशंकर भलतीकडंच धावायचा. आवाज यायचा, पण कुठून येतो ते कळायचं नाही. मेंढरं चुकायला लागली तशी सुकेशनी त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा कान कायमचा गेला.”

सुकेशनी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मग नवऱ्याला घेऊन सरकारी वकील प्रेरणाताईंकडं गेली.

“ही गंभीर दुखापत झाली,” त्या म्हणाल्या. “आणि तीही खोटं बोलायला भाग पाडण्यासाठी. कलम वाढवून मागू. जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण भाऊ, तुम्हाला ठाम उभं राहावं लागेल.”



चार दिवसांनी तात्यासाहेब वस्तीवर आले आणि कधी नव्हे ते घोंगडीवर टेकले. “शिवा, पोरगं चुकलं. तुझ्या लेकरांचं मी बघतो. फकस्त एवढं म्हण, की कान आधीपासूनच अधू होता.”

ते नेमके उजवीकडं, गेलेल्या कानाच्या बाजूला बसले होते. शिवशंकरनं बायकोकडं पाहिलं. “काय म्हणत्यात?”

सुकेशनीच्या जिवावर आलं. दुसरंच काहीतरी सांगून मोकळं व्हावं, असंही वाटलं. नवऱ्याचा जीव राहिला तरी पुरे, असं तिलाही कधीकधी वाटायचंच. तरी ती डाव्या बाजूला जाऊन बसली आणि तात्यासाहेबांचा शब्द न् शब्द त्याला सांगितला.

शिवशंकर तात्यासाहेबांकडं वळला. मग म्हणाला, “तुमच्या पोरानं बी खोटंच बोल म्हणून मारलं. तुमी बी तेच सांगताय. मला नाय जमायचं, तात्यासाहेब.”

तात्यासाहेब चहा न घेताच उठले.

कलम वाढलं. जामीन रद्द झाला, सोमनाथ आत गेला. पुंजारामच्या खटल्यात शिवशंकरनं खरं ते सांगितलं. सोमनाथच्या वकिलानं उलटसुलट विचारलं, तरी ढळला नाही. मारहाणीचा निकाल मात्र अजून लागायचाय. दवाखान्याच्या न् कोर्टाच्या खर्चापायी निम्मी मेंढरं विकावी लागली. उरलेली सुकेशनी रानात नेते. बायको कळपापुढं चालते हे शिवशंकरला पहिल्यांदा लई खुपलं. आता सकाळी तोच तिची भाकरी फडक्यात बांधून देतो.