बाहेरून दुसरा

रिकामी बॅग तिने बंद दुकानाच्या पायरीशी ठेवली आणि चढाच्या टोकाला येऊन उभी राहिली. नऊ वाजत आले होते. एवढ्यात बाबा दुकान उघडायला येतील. न कळवता आली म्हणून आधी रागावतील, मग चहा मागवतील, आणि त्यानंतर तिला ते बोलावंच लागेल. घड्याळदुरुस्ती पुरे झाली आता. माझ्याकडे चला.

बाबांचा मोडलेला पाय बरा झाल्यावर गिअरची सायकल तिनेच घेऊन दिली होती. मागच्या चाकाला सात गिअर. गिअर बदलायच्या खटक्यावर आकडे मात्र नव्हते. रोज संध्याकाळी फोनवर ती विचारायची, "आज चढ कितव्या गिअरवर?" आणि प्रयोगशाळेतल्या सवयीने उत्तर वहीत मांडायची. पहिला गिअर सगळ्यात हलका, सातवा सगळ्यात जड, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी सुरुवातच सातने केली तेव्हा तिला धास्ती वाटली होती. मग सहा झाले, पाच झाले. गेल्या महिन्यात तीन, परवा दोन. आलेखाची रेघ तळाला टेकत आली होती. आणि दर वेळी बाबा तो आकडा इतक्या खुशीत सांगायचे, की माणसाने किती उसनं अवसान आणावं, असं तिला वाटायचं.

वळणावर सायकल दिसली. बाबा सीटवर बसूनच येत होते. पायडल सावकाश, पण एका लयीत. मोडलेला पायही दुसऱ्याइतकाच दाबून खाली जात होता.

"अगं, तू? कळवायची काही पद्धत?"

"तुम्ही आधी बसा बाबा."

"आत्तापर्यंत बसूनच आलो की!"

सायकल तिने हातात घेतली आणि तिची नजर मागच्या चाकाकडे गेली. सगळ्यात लहान चक्र, म्हणजे सगळ्यात जड गिअर, बाहेरच्या बाजूला. चेन त्याच्या शेजारच्या चक्रावर होती. ती खाली वाकली.

"बाबा, हा कितवा?"

"दोन नंबर. परवा सांगितलं नाही का?"

"आणि ते आतलं, मोठं?"

"सात." त्यांनी कुलूप काढलं. "बाहेरून मोजायचं. आधी हाताला लागेल तो एक नंबर."

आत टेबलावर एक घड्याळ उघडून ठेवलं होतं. सुटे भाग काढलेल्या क्रमाने ओळीत मांडलेले, प्रत्येकाखाली आकड्याची चिठ्ठी. एक ते दहा मोजायला ती याच टेबलाशी शिकली होती.

"सातावरून दोनवर आलो," बाबा म्हणाले, "पण तुला त्याचं काही नाहीच. रोज आपलं तेच, 'बरं, जपा.' एकदा तरी शाबास म्हणालीस?"

"शाबास." ती म्हणाली.

"मागून घेतलेली शाबासकी काय कामाची!" ते हसले. मग बॅगेकडे पाहून त्यांनी ती एका बोटाने उचलली. "एवढी मोठी? आणि रिकामी?"

"आईचं घड्याळ न्यावं म्हटलं. तुम्ही केव्हापासून सांगताय ना."

 बाबांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काच पुसली, लंबक काढून वेगळा बांधला आणि सगळं फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवलं. बॅग निम्मीसुद्धा भरली नाही.

"अजून काय न्यायचं होतं?"

"काही नाही."

त्यांनी चेन ओढून बॅग बंद केली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"उद्या एक नंबर लावून बघणार आहे."

"घाई नको हं बाबा," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. "उद्या परत जाईन. सकाळी चढाच्या टोकाशी उभी राहते, आणि मग निघते."